पेडल वर म्हणजे ब्रेक पास

उस्ताद, तुमची ॲम्बेसेडर परवा लातूरला माझ्या वर्कशॉपात आली. तुमचा मुलगा चालवत होता आणि मागे त्याची आई, आपल्या काकू, बसल्या होत्या. गाडी फाटकातून वळली तेव्हा मी आत चहा पीत होतो, ती मला दिसत नव्हती, पण ऐकू आली. पुढच्या दोन्ही चाकांतून बारीक सर्र सर्र येत होतं, धार लावणाऱ्याच्या दगडावर कुणी विळी टेकवून ठेवावी तसं. मुलानं इंजिन बंद केलं आणि फाटकापासून आत येणाऱ्या उतारावर गाडी नुसती सोडली. उतारावर सोडलेली गाडी घरंगळत यायला पाहिजे. ही दोन हात आली आणि आपली आपणच थांबली. मी कप खाली ठेवला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या पद्धतीचं काम मला कानानं ओळखता येतं, आणि ते ओळखून कधी आनंद झाला असं आठवत नाही.

तुमच्याबद्दल मी चारचौघांत वाईट बोलत नाही. लोक विचारतात, कुठं शिकलात, तर नांदेडला म्हणून सांगतो आणि विषय बदलतो. पण इथं दुसरं कोणी ऐकायला नाही, म्हणून सरळ लिहितो. उस्ताद, तुम्ही अडाणी नव्हता. तुम्ही आळशी होता, आणि आळसाला तुम्ही अंदाज म्हणायचा. ब्रेकचं काम झालं की गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचं, म्हणायचं, "दाबा पेडल." पेडल वर लागलं, कडक लागलं, की झालं. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, उदबत्ती ओवाळायची, गाडी हातभर पुढं घ्यायला लावायची. लिंबू फुटलं की ब्रेक पास. लिंबाला माझी ना नाही, मीही ठेवतो. पण तुमच्या गॅरेजात लिंबू हीच टेस्ट होती. मी नवा होतो, एकदा विचारलं, उस्ताद, रस्त्यावर नेऊन बघू का. तुम्ही हातातला पाना माझ्या दिशेनं नाचवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "तू कशाला तेल जाळतो बे? टेस्ट घ्यायला गिऱ्हाईक हाय की!" सगळे हसले. गिऱ्हाईकही हसलं, बिचारं. पुढच्याच आठवड्यात भोकरच्या एकाची जीप ब्रेक न लागता ज्वारीच्या रानात शिरली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी विसरलेलो नाही. "त्याला ड्रायव्हिंग येत न्हाई." माणूस लंगडत आला होता आणि तुम्ही त्याला गाडी कशी चालवायची ते शिकवत होता.

आणि मी तुमचं गॅरेज सोडलं तेव्हाची ती भेट. टॉवेलात गुंडाळलेला पान्यांचा सेट. सगळ्यांसमोर हातात दिलात, पाठ थोपटलीत, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंत. घरी येऊन उघडला तर दहा-अकराचा पाना नाही. ज्याच्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही, नेमका तेवढा काढून घेतलेला. बाकीचे सगळे झिजलेले. मी आणि माझी बायको त्या दिवशी पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

तर परवा. मुलगा उतरला, बॉनेटवर थाप मारली. "भाऊ, बघा. बाबांच्या गाडीला डिस्क टाकल्या. पुढच्या दोन्ही. हे कोणाच्या बापाला जमलं नसतं." त्याच्या बापाला जमलं नसतं हे खरं होतं. भंगारातल्या एका जीपच्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर त्यानं उचलले होते, आणि ते बसवायला लागणाऱ्या पट्ट्या लेथवाल्याकडून करून घेतल्या होत्या. पट्ट्या चांगल्या होत्या. त्या त्यानं स्वतः केल्या नव्हत्या ना. "पेडल दाबून बघा," तो म्हणाला. अगदी तुमचा आवाज, उस्ताद. मी दाबलं. वर होतं, दगडासारखं.

"नांदेडहून येताना वाटेत काही त्रास?"

"काही न्हाई. लोह्याच्या पुढं जरा ओढत नव्हती. पेट्रोलात भेसळ असंल. अहमदपूरला चहाला थांबलो, मग पुन्हा मस्त पळाली."

"आणि पेडल?"

"चाकूरच्या अलीकडं एकदा मऊ लागलं. दोनदा मारलं, आलं वर."

हे सगळं तो हसत सांगून राहिला होता, आणि काकू दाराला धरून हळूहळू खाली उतरत होत्या. मी बाटलीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि दोन थेंब डिस्कवर उडवले. चर्र झालं. मी त्याला म्हणालो, हात लाव. त्यानं लावला नाही. तेवढी अक्कल होती.

तुम्हाला समजावून सांगतो, कारण तुम्ही हयात असताना हे कधी ऐकून घेतलं नसतंत. डिस्कचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, "ते फटफटीवाल्यांचे लाड." जुन्या ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलामागच्या पंपाच्या, तोंडाशी एक छोटा वाल्व असतो. पाय काढला तरी तो पायपात थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, आतल्या स्प्रिंगा लायनर मागं ओढतात. डिस्कला स्प्रिंगा नसतात. तेवढा दाब राहिला की पॅड डिस्कला चिकटून घासत राहतात, डिस्क तापते, ब्रेकचं तेल तापतं, उकळतं, आणि मग एखाद्या उतारावर पेडल सरळ फरशीला जाऊन टेकतं. गॅरेजात उभ्या गाडीत मात्र पेडल झकास वर लागतं. म्हणजे तुमची परीक्षा ती पहिल्या नंबरानं पास होते. तुमच्या पोरानं डिस्क, कॅलिपर, पट्ट्या, सगळं बदललं आणि तो वाल्व जागेवर ठेवला, कारण तुम्ही त्याला एवढंच शिकवलं होतं की पेडल वर पाहिजे. अहमदपूरला थांबले तेवढ्या वेळात डिस्क निवल्या; तिथल्या चहा पाजणाऱ्यानं त्या दोघांना वाचवलं, आणि त्याला ते ठाऊकसुद्धा नाही.

मी म्हणालो, गाडी इथून हलणार नाही. त्यांना रेणापूरला जायचं होतं, तुमच्या मुलीकडं, नातवाच्या पोरीच्या बारशाला. आणि बापाच्या गाडीतून, नव्या ब्रेकच्या गाडीतून, दारात उतरायचं होतं. त्याचं तोंड लाल झालं.

"भाऊ, आमच्या बापाच्या गॅरेजात पाना धरायला शिकलात तुम्ही."

"शिकलो. म्हणूनच सांगतोय."

"चार चाकं दिसली की लोकांना भ्या दाखवायचं, हाच तुमचा धंदा हाय का?"

"तुला जायचं तर जा," मी म्हणालो. "किल्ली घे. पण काकूंना माझ्या गाडीतून पाठवतो."

तो किल्लीकडं हात करतच होता तेवढ्यात काकू ऑफिसच्या खुर्चीत बसल्या आणि चप्पल काढून पाय वर घेतले. "मी हितंच बसते," त्या म्हणाल्या. "ह्यो करंल तवर. पोरीचं नाव संध्याकाळी ठिवा म्हनावं." बास. ह्या बाईनं गॅरेजच्या मागच्या स्वयंपाकघरात मला किती भाकऱ्या वाढल्या त्याची गणती नाही, आणि वाढताना तुमच्याआधी माझ्या ताटात वाढायच्या. तुम्हाला वाटायचं तो मान पाहुण्याचा. मला वाटतं, काम कोण करतं ते त्यांना दिसत होतं.

मी स्वतः गाडीखाली गेलो. वर्कशॉपातल्या पोरांना हात लावू दिला नाही. तुमचा मास्टर सिलिंडर काढून दोन कप्प्यांचा टाकला, पुढच्या डिस्कची वाट मोकळी ठेवली आणि मागच्या ड्रमच्या पायपात तेवढा वाल्व वेगळा बसवला. जुनं तेल काढलं तर काळं, जळकं, वास येणारं. मुलाला बोलावून बशीत दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा तर असंच करायचे." मी म्हणालो, "हाव." याहून वाईट मी काही बोललो असतो तर ते त्याला लागलं असतं, आणि लागायला पाहिजे होतं तुम्हाला. मग रिंग रोडला गाडी नेली. पळवली, दाबली, पळवली, दाबली. खाली उतरून चाकाजवळ कान नेला. काही नाही. उतारावर सोडली तर खालपर्यंत गेली.

रेणापूरला मीच चालवत नेलं. काकू पुढं बसल्या, मुलगा मागं, फुगून. ऊन उतरलं होतं. एका ट्रॅक्टरनं मागंपुढं न बघता आडवी ट्रॉली घातली. मी पाय ठेवला, गाडी सरळ उभी राहिली. काकूंचा हात डॅशबोर्डवर गेला आणि परत मांडीवर आला.

"कशी थांबली रे!" त्या म्हणाल्या. "हे समदं ह्यांनीच शिकवलं का तुला?"

आरशात मला तुमचा मुलगा दिसत होता. त्यानं मान वर केली होती.

"हाव काकू," मी म्हणालो. "उस्तादांनीच."

मागं तो ताठ बसला. खिडकीची काच खाली केली, वारा घेतला. तेवढ्यानं त्याचा फुगा उतरला.  काकू रस्त्याकडं बघतच, मागं ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, "लेकरा, सगळा जलम गेला, पर त्येंनी ब्रेक केलेल्या गाडीत मी येकदा बी बसले न्हाई. बाळंतपणाला सुदिक एसटीनं गेले."

 त्यांना सगळं माहीत होतं, तुमच्या घरात, तुमच्या चुलीपाशी, इतकी वर्षं. आणि तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण मी जे खोटं बोललो ते तुम्हाला कळलं असतं आणि तुम्ही ते खरं मानलं असतंत. तुम्ही मला काही शिकवलं नाही, उस्ताद, हे माझं मत आजही कायम आहे. पण रेणापूरच्या त्या रस्त्यावर तुमचं नाव घेताना माझी जीभ अडखळली नाही. उलट थोडं बरं वाटलं.