सोबतीचं माणूस

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. घे किंवा परत पाठव. घरी सगळी बरी असावीत.

मीही बरा आहे, असं लिहायला हात धजत नाही. प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघालाय. लहान, आळशी. डॉक्टर म्हणाले, "कापाकापी नको, नुसती नजर ठेवू." जन्मभर पोलिसांनी नजर ठेवली, पण ते निदान समोरून यायचे! गेल्या वर्षी तपासायला तुकडा काढला, तेव्हा भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी, झगा कमरेवर. मागून नळी, मग सुई. स्टेपलर मारावा तसं खटाक, खटाक. आणि वर वॉर्डबॉयची विचारणा, "साहेब, यंदा बोनस किती?" त्या अवस्थेत! आठवडाभर लघवी लाल. लाल रंगावरचं माझं प्रेम तेव्हा पहिल्यांदा आटलं.

युनियनमध्ये मूळव्याध सांगितली. आता जो तो औषध घेऊन येतो. परवा गेटसभेत खजिनदार माईकवरून ओरडला, "नेत्यांना बसायला उशी द्या रे!" सगळी सभा हळहळली. मला माझ्याच तोंडाची शिसारी आली.

रक्ततपासणीत कॅन्सरचा आकडा चढलाय, म्हणून पुन्हा सुई. या खेपेला पेशी बिघडलेल्या निघाल्या तर नजर ठेवणं संपलं, थेट ऑपरेशन. मंगळवारी सरकारी हॉस्पिटलात गेलो होतो. नर्स म्हणाली, "काका, आज भूल देणार. सोबतीचं माणूस कुठंय?"

"येतंय."

बाकावर बसून राहिलो. ती पुन्हा आली. "अहो, फोन तरी करा कुणाला."

कुणाला? एका हाकेत कारखाना बंद पाडणारा मी, चपला घालून घरी आलो. तुझी वहिनी असती तर... जाऊ दे.

तू संप मोडून मॅनेजर झालास. स्टेजवरून तुला फितूर म्हणालो, ते मागे घेत नाही. पण आपले अण्णा याच दुखण्याने गेले. त्यांची चादर आपण दोघांनी धुतली, तो वास तुलाही ठाऊक आहे. शेवटपर्यंत म्हणत राहिले, "काही नाही रे, उष्णता आहे." मला तसं मरायचं नाही.

सोमवारी सकाळी आठला पुन्हा बोलावलंय. बाकावर येऊन बस. माझ्याशी बोलू नकोस. पेपर वाच, तुझ्या मालकाची आरती ओवाळणारा आणलास तरी चालेल.

नर्स नातं विचारेल. तेवढं खरं सांग.

तुझा
दादा