मुक्कामाचं घर

परभणी,
२१ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप पार्वतीआत्यास,

मंजूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. तुझी तब्येत कशी आहे? खानावळ बंद करून तीन वर्षं झाली, असं माझा भाऊ परमेश्वर सांगत होता. माझ्यापेक्षा त्याला तुझी खबर जास्त, याची लाज वाटते.

माझं अक्षर बघून तुला नवल वाटलं असेल. फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला. म्हणून पत्र.

बातमी अशी की मी हिमालयात जाऊन आले. हसू नको. माझी लेक अर्पिता पुण्यात नोकरीला आहे. माझ्या पन्नाशीचं निमित्त काढून तिनंच घाट घातला. म्हणाली, "आई, एका दिवसाची चढण हाय. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत माघारी. वर गेलं की झाडं संपतात, नुसतं गवताचं रान, अन् समोर बर्फ." मला काय, डोंगर म्हणजे बालाघाटाच्या टेकड्याच ठाऊक. हो म्हणाले.

मग राहायचं कुठं यावरच आठ दिवस गेले. तिनं मोबाईलवर दोन जागा दाखवल्या. एक रस्त्याकडेचं लॉज, गरम पाणी, टीव्ही, सगळं. दुसरं एका बाईचं घर. वरची खोली पाहुण्यांना, सकाळची न्याहारी घरच्या चुलीवरची, आणि चढणीची वाट घराच्या मागूनच सुरू होते. मी ऐकून न घेताच म्हणाले, "लॉज."

"का गं?"

"लोकाच्या घरी राहिलं की मिंधं व्हावं लागतं."

"अगं, पैसे देऊन राहणार ना आपण!"

 उत्तर होतं, पण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी मीच दोन्हीकडं फोन केला. लॉजवाला म्हणाला, "आ जाओ मॅडम, बच्चे-बूढ़े सब जाते हैं." त्या घरवालीचं नाव सुरेशीदेवी. तिनं उलट मलाच प्रश्न विचारले. वय किती? जिना चढताना दम लागतो का? कसल्या गोळ्या चालू आहेत? बूट कोरे आहेत की पायात मुरलेले? एक दिवस आधी या, म्हणाली, अंगाला उंचीची सवय होऊ द्या. मी स्वतः सोबत येईन, पण साडेअकराला जिथं असू तिथून मागं वळायचं, हे कबूल असेल तरच या. गिऱ्हाईक तुटेल याची फिकीर न करता खरं सांगणारी बाई. फोन ठेवला आणि अर्पिताला म्हणाले, हिच्याकडंच जाऊ.

घर लहानसं, दगडी, वर पत्रे. तिनं आम्हाला नवी रजई दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात चुलीजवळ अंथरूण टाकलं.  आत्या, तूही आतली खोली मला दिली होतीस आणि पाच वर्षं पुढच्या खानावळीत पिठाच्या डब्यांजवळ निजलीस. मी अभ्यास करत बसायचे आणि कधी विचारलंसुद्धा नाही की तुला तिथं झोप लागते का.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. आधी देवदार, मग बुटकी वाकडी झाडं, आणि एका वळणावर झाडं संपलीच. पिवळं गवत, वारा, आणि समोर एवढा पांढरा डोंगर की मी देवाचं नाव घ्यायचंसुद्धा विसरले. त्या रानाला ते लोक बुग्याल म्हणतात. पण माझं डोकं तासभर आधीपासून ठणकत होतं, मळमळत होतं. लेकीनं हौसेनं आणलंय, तिचा विरस नको, म्हणून मी गप्प. "काही न्हाई, ठीक हाय," म्हणत चालत राहिले. आपल्याला गप्प राहायची सवय आहेच.

सुरेशीदेवीनं बसायला सांगून फडक्यातली पोळी काढली. मी नको म्हणाले. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "सिर में दर्द है ना? कब से?"

मी कबूल केलं. ती उठली, पोळी बांधली. "चलो, नीचे."

अर्पिता म्हणाली, "अर्ध्या तासावर तर टोक हाय. अकरासुद्धा वाजले न्हाईत."

"ऊपर तो मैं ले जाऊँगी, बेटी. नीचे कौन लाएगा?"

अर्पिता रुसून पुढं चालायला लागली. झाडांत पोचलो नाही तोच ढग खाली आला आणि गारा पडायला लागल्या. वाट साबणासारखी झाली. एका ठिकाणी माझा पाय निसटला, तसा सुरेशीदेवीनं दंड असा धरला की अजून वळ आहे. अर्पिता रडकुंडीला आली. "आई, तू बोलली का न्हाईस?" एवढंच सारखं म्हणत होती. जसजसं खाली आलो तसतसं डोकं हलकं होत गेलं. घरी आल्यावर सुरेशीदेवीनं चुलीपुढं बसवून माझे पाय गरम पाण्यात ठेवले. टोक बघायचं राहिलं, पण त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आता खरं लिहिते.

निघायच्या दिवशी सकाळी मी तिच्या चुलीपुढं बसले आणि तिच्याकडच्या नाचणीच्या पिठाची भाकर हातावर थापली. टम्म फुगली. ती हरखून म्हणाली, "किसने सिखाया? माँ ने?"

आई दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडावर असायची. तिनं कधी शिकवायचं? मी म्हणाले, "मेरी बुआ ने. पाँच साल उसी के घर रहके पढ़ी मैं."

मागं वळले तर दारात अर्पिता. "आई, तू तर होस्टेलवर होतीस ना?"

आत्या, ते वाक्य तूही ऐकलं होतंस. माझं लग्न ठरवायला परभणीची माणसं गावाकडच्या घरी आली तेव्हा. सासऱ्यांनी विचारलं, "कुठं राहून शिकलात?" तू पोह्यांच्या बशा घेऊन उंबऱ्यात उभी होतीस. आणि मी म्हणाले, "होस्टेलवर." तू नवरा सोडून एकटी राहत होतीस, स्टँडजवळ खानावळ चालवत होतीस. हे कळलं तर सोयरीक मोडेल, असं मला वाटलं. आईनं मान खाली घातली. तू बशा ठेवल्यास आणि आत गेलीस. लग्नात अक्षता टाकून निघून गेलीस. माझ्या दारात कधी आली नाहीस. माझ्या वडलांच्या, दादांच्या दहाव्याला आलीस, पण माझ्याकडं पाहिलं नाहीस. सव्वीस वर्षं झाली.

अर्पिताला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "त्या आहेत अजून?"

"हाय. गंगाखेडला."

"गंगाखेडला? आई, आपण एवढ्या लांब आलो, अन् घरापासून तासाभरावरच्या गंगाखेडला गेलो न्हाई?"

परत आल्यावर यांना आणि सासूबाईंना सांगितलं.  सासूबाई ऐंशीच्या आहेत. म्हणाल्या, "एवढंच? मग त्या माउलीला एकदा तरी जेवायला का न्हाई बोलावलं?" ज्या भीतीनं मी तुला नाकारलं, ती भीतीसुद्धा पोकळ निघाली.

मी उसाच्या फडावर गेले नाही ती तुझ्यामुळं. पहाटे पाचला उठवायचीस, गिऱ्हाइकांच्या आधी माझं ताट वाढायचीस. आज विद्यापीठाच्या लायब्ररीत खुर्चीवर बसते ती तुझ्यामुळं. हे तोंडानं एकदाही म्हटलं नाही. माफ कर म्हणायचा हक्क नाही, पण म्हणते.

भाऊबीजेला आम्ही दोघी येऊ का? नको म्हणालीस तरी समजून घेईन.

तुझ्याच घरची,
मंजुषा


गंगाखेड,
२६ ऑक्टोबर

चि. मंजूस,

आत्याचा लय लय आशीर्वाद. मी खुशाल हाय. हे पत्र शेजारची धम्मशीला लिहायलीय, मी सांगायलेय. माझ्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. तुझं पत्र बी तिनंच वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

तू समजायलीस, आत्या रुसली. न्हाई गं बाई. तू होस्टेल म्हणलीस ते ऐकलं अन् वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिस घास उतरला न्हाई. मग मनाला म्हणलं, पोरीनं आता सांगून टाकलंय, ते निभावलं पाहिजे. मी तुझ्या दारात आले असते तर कुणी ना कुणी म्हणलं असतं, अरे, मंजू हिच्याकडंच राहायची की. म्हणून आले न्हाई. दादाच्या दहाव्याला बायांच्या गर्दीत तुझी सासू माझ्याच शेजारी बसली होती. तिनं विचारलं, तुमी कोण? मी म्हणले, लांबची हाय.

तुला शिकवलं त्याचा मला कधी पस्तावा न्हाई झाला. तू आलीस तवा माझ्या घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. तू मोठ्यानं धडे वाचायचीस अन् मी भाकरी थापायची. माझी बी ती चांगली वर्षं होती, हे तुला म्हाईत न्हाई.

त्या पहाडातल्या बाईला माझा सलाम कळव. तिनं माझी पोर धड माघारी आणली. अन् इथून पुढं डोकं दुखलं की बोलत जा.

भाऊबीजेची वाट कशाला बघतीस? पत्र मिळालं की सकाळची यष्टी धर. नातीला आण, सासूला बी आण. त्यांनी आता परत इचारलं तर मला नीट सांगायचं हाय.

लांबची न्हाई, सख्खी आत्या,
पार्वती