शेकोटी विझू नये म्हणून

टर्टल फोर्क, नॉर्थ डकोटा
८ जानेवारी

ती. आर्डिसताईस,
स. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कॉम्प्युटरशी तुझं हाडवैर, म्हणून पत्रच. तू पाठवलेल्या लेफ्सा, आपल्या त्या बटाट्याच्या पोळ्या, पोचल्या. नवऱ्याने निम्म्या उभ्या उभ्याच फस्त केल्या.

माझी चौथीची पोरं आता गणितावरून रडत नाहीत. ऑनलाइन खेळ आणलाय. वर्गाची एक शेकोटी, प्रत्येकाने रोज गणितं सोडवून तिच्यात लाकूड टाकायचं. एकाचाही दिवस चुकला की सगळ्यांची शेकोटी विझते. हा नियम ठेवलाच पाहिजे असं नव्हतं, मीच चालू केला. बर्फामुळे शाळा बंद असली की घरून खेळायचं, तीच हजेरी. म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला असलेल्या डॅनाची मुलगी जूनी आठवते ना? पाढे म्हटलं की टेबलाखाली दडायची. ती आता सगळ्यांच्या पुढे आहे. मुख्याध्यापक माझ्यावर जाम खूश आहेत.

लोभ आहेच, तो वाढव. सल्ले तेवढे कमी कर.

तुझी,
सोलवेग

---

फार्गो
१५ जानेवारी

चि. सोलवेग,
अ. उ. आ.

सल्ला दिला नाही तर मी तुझी बहीण कसली? एकाची चूक सगळ्यांच्या माथी? अगं, मी शिकवत होते तेव्हा मुलं मलाही घाबरायची, पण घंटा झाली की सुटायची. तुझा खेळ त्यांच्या मागे घरापर्यंत जातो. ज्याच्यामुळे शेकोटी विझेल, त्याला बाकीचे कच्चा खातील. तो नियम बंद कर बाई. म्हातारीला काय कळतंय म्हणशील, खुशाल म्हण.

गाडीत ब्लँकेट ठेवत जा. माझ्यावर रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
ताई

---

२७ जानेवारी, चर्चच्या तळघरातून

ती. ताईस,
स. न. वि. वि.

टपाल बंद आहे, तरी लिहिते. हातांना काहीतरी काम हवं.

जूनी सापडत नाहीये. कालपासून बर्फाचं वादळ आहे, तारा तुटल्यात, घरोघरी वीज नाही. डॅनाच्या पुढच्या पाळीची बाई आलीच नाही, त्यामुळे डॅना केअर होममध्येच अडकली. घरी आजोबा. त्यांचा दुपारी डोळा लागला. उठून बघतात तर पोरीचे बूट, कोट आणि टॅबलेट गायब. सकाळभर म्हणत होती म्हणे, माझ्यामुळे सगळ्यांची शेकोटी विझणार.

जनरेटर फक्त लायब्ररीत आणि पेट्रोल पंपावर आहे, म्हणजे इंटरनेटही तिथेच. मी शेरिफना सांगितलं, लायब्ररीकडे बघा, तिथलं वाय-फाय भिंतीबाहेरही मिळतं. माणसं दोर धरून गेलीत. समोरचा हात दिसत नाही. माझ्या फोनला सिग्नल नाही, आता मनात आलं तरी तो मेला नियम बंद करता येत नाही. डॅनाला शेरिफच्या माणसांनी आता इथे आणलंय, ती समोर बसलीये आणि माझ्याकडे बघत नाही. देवाकडे तरी कुठल्या तोंडाने मागू? ताई, मला फार भीती वाटतेय.

तुझी,
सोलवेग

---

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
स. न. वि. वि.

जूनी जिवंत आहे. हे आधी वाच, २७ तारखेचं पत्रही याच पाकिटात आहे. लायब्ररीच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेली सापडली. हातमोजे घातले की टॅबलेटला बोट लागत नाही, म्हणून तिने ते काढले होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली. मी भेटायला गेले तर पोर मलाच सॉरी म्हणाली. मला तिथे उभं राहवेना.

तो नियम मी बंद केला. मुख्याध्यापकांनी मात्र वरच्या ऑफिसला आधीच कळवून टाकलं होतं की एवढ्या वादळातही चौथीची हजेरी पूर्ण लागली. पूर्ण, म्हणजे सगळ्यांची. आणि वीज तर कुणाच्याच घरी नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आज शाळा उघडली. मी रागावणार नाही असं वचन देऊन विचारलं, त्या दिवशी आणखी कोण कोण बाहेर पडलं होतं? पोरांनी आधी एकमेकांकडे बघितलं. मग एक हात वर आला, मग दुसरा, मग बाकांच्या रांगाच्या रांगा. छोटा केलब म्हणाला, तो गोठलेल्या तळ्यावरून पंपापर्यंत गेला, तिकडून जवळ पडतं म्हणून.

रस्ता उघडला की ये. मला हवं ते बोल, पण ये.

तुझी,
सोलवेग