शिट्टी वाजवणारं प्रेत

तीर्थरूप मामास,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच बरा, कारण सध्या मान वर करायची सोय उरलेली नाही.) तुमची तब्येत ठणठणीत असेल. माझी का नाही, ते आईने फोनवर सांगितलंच असेल, पण तिने ते रडत सांगितलं असणार, म्हणून पुन्हा लिहिते.

शाळेच्या नाटकात मी प्रेताची भूमिका मागून घेतली होती. पळायचं नाही, बोलायचं नाही, म्हणजे दम लागायचा प्रश्नच नाही. (बाईही लगेच हो म्हणाल्या, माझा अभिनय त्यांनी पाहिला आहे.) पण माझ्यावर पांघरायला कोणीतरी मंचामागचा जुना पडदा आणला. आजवरच्या सगळ्या नाटकांची धूळ त्यात मुक्कामाला होती. नाटकातल्या डॉक्टरने नाडी पाहून "सगळं संपलं" म्हटलं आणि माझ्या छातीतून बारीक शिट्टी वाजली. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. माझी विधवा (एरवी माझ्याच बाकावर बसते) हंबरडा फोडायच्या निमित्ताने खाली वाकून म्हणाली, "अगं, नीट मर ना!" मी त्याच मार्गावर होते. दम्याचा पंप दप्तरात, दप्तर वर्गात. चारचौघांत तो ओढायची मला लाज वाटते ना! शेवटी आईच पर्समधला पंप आणि त्याला लावायची ती दुधाच्या बाटलीएवढी प्लॅस्टिकची नळी घेऊन मंचावर चढली. प्रेत उठून बसलं, विधवा त्याची पाठ चोळू लागली, आणि आई माझे श्वास मोठ्याने मोजू लागली. माइक चालू होता. सगळ्यात जास्त टाळ्या आईला पडल्या.

आता खऱ्या डॉक्टरबाई कोड्यात पडल्या आहेत. रोजचा पंप नियमित असूनही असं का, म्हणून शनिवारी औषध वाढवणार आहेत. आईने तर पोरीला औषधच लागू पडत नाही, असं धरून अंथरूण धरलं आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. औषध लागू पडायला ते पोटात, म्हणजे छातीत, जावं लागतं. आई रोज पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा तपासते, म्हणून मी पंप रोज खिडकीबाहेर दाबते. खिडकीखालच्या मांजराला वर्षभरात साधी धाप लागलेली नाही. शनिवारी हे सांगायचं आहे. एकटीच्याने होणार नाही. याल का?

ता. ता. क. आई म्हणते, "मामाकडून शीक जरा. इतक्या वर्षांचा दमा, पण एक दिवस चुकत नाही पठ्ठ्या." मी मान डोलावली. मागच्या खेपेला तुमच्या बॅगेत टूथपेस्ट शोधताना तुमचा पंप दिसला, मामा. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. तो घेऊनच या. डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत.