यांना दिसेल अशी खोली

१४ जानेवारी १९५३, बुधवार

संक्रांत. हळदीकुंकवासाठी काल सोफा खिडकीखालून काढून मधोमध आडवा घातला. बायका जास्त मावतात, आणि कालीघाटचं मांजराचं चित्र दारातूनच नजरेत भरतं. भवानीपूरच्या सगळ्या मराठी बायका माझ्या हॉलला नावाजतात. दर दोन महिन्यांनी सामान हलवते म्हणून हसतातही. हसोत बापड्या.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले आणि सरळ सोफ्यावर आदळले. चांगला उजेड होता! भिवई फुटली. म्हणाले, हलवलंस तर सांगत जा. एवढा थोरला सोफा, त्यात सांगायचं काय? हळद दाबली. तिळगूळ राहूनच गेला.

१९ जानेवारी, सोमवार

डोळ्यांच्या डॉ.कडे. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही, खालचं नाही. आहे ते टिकलं तर टिकलं, गेलं ते गेलं.

यांना दसऱ्यापासून कळत होतं. मला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे, तू सदा कुठलं तरी सामान उचलत असायचीस. हे काय उत्तर झालं?

२३ जानेवारी, शुक्रवार

निवृत्तीला तीन वर्षं. ऑफिसात कळलं की मेडिकल बोर्ड, मग घरी. क्वार्टर जाणार. वसंता हावड्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पोराचं शिक्षण अर्ध्यावर. हे म्हणतात, सांगून मोकळं होऊ. मी म्हटलं, मुळीच नाही. फाईल डोळ्यांसमोर धरली की वाचता येते ना, मग झालं.

त्यात नवीनच. यांचे साहेब, सान्याल, आपणहून म्हणाले, ८ तारखेला चहाला येतो, मिसेसना तुमचं घर बघायचंय. घर कसलं बघतात! परवा हे ऑफिसच्या जिन्यात अडखळले ते साहेबांनी पाहिलंय. मुलगी दाखवतात तसं आता मला यांना दाखवायचंय.

२७ जानेवारी, मंगळवार

कामाला लागले. जन्मभर रंगात रंग मिळवला, आता सगळं उलटं. आपली बैठक म्हणजे वेताच्या खुर्च्या, तपकिरी लादी, मातकट खादीचे पडदे. यांना तो सगळा एकच चिखल दिसत असणार. दारापासून खुर्चीपर्यंत वाट मोकळी केली. दोन्ही कडांना पांढऱ्या सतरंज्या. सोफा परत खिडकीखाली, मधलं टेबल हद्दपार, वेताचे बुटके मोढे भिंतीशी. यांच्या खुर्चीला मोहरीसारखा पिवळा अभ्रा, मागची भिंत गडद निळी. रंगारी म्हणाला, बौदी, घरात पूजेचा मांडव घालताय का? म्हटलं, हो बाबा, घाल.

३० जाने.

सियालदहला गेले होते. फलाटावर अजून निर्वासितांचे संसार मांडलेले. एका बाईकडून काँथा घेतली, म्हणजे आपली गोधडीच, पण टाका काय सुरेख! पांढरी, लाल काठाची. दिवाणावर घातली की त्याची कड यांना कळेल. तिच्या आईने शिवलेली, तिकडून येताना तेवढीच आणता आली म्हणे. आणि मी घासाघीस केली. सवय मेली. घरी येईपर्यंत स्वतःची लाज वाटत होती.

४ फेब्रुवारी, बुधवार

रोज तालीम चाललीय. दार, वहाणा, खुर्ची. एकदाही चुकले नाहीत. मी खूश.

आज पिवळा अभ्रा धुऊन वाळत घातला होता, खुर्ची नुसतीच. हे आले, बसले, खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. म्हणाले, "पिवळा काय खुलतो गं निळ्यावर!"

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हातातलं पीठ तसंच.

पावलं मोजतात. दारापासून सात, डावीकडे दोन. या पंधरवड्यात उजवा डोळा पार संपलाय, डाव्यात नुसता धूर. चष्मा बदलायचाय अशी थाप मारून फायली हेडक्लार्ककडून वाचून घेतात. तू एवढ्या हौसेने लावत होतीस, म्हणाले, मोडवेना. वाट्टेल ते बोलले मी. मग दोघंही रडलो.

८ फेब्रुवारी, रविवार

आले आणि गेले.

मिसेस सान्याल निळ्या भिंतीवर लट्टू. साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली. मोढा ओढून काँथेजवळ बसल्या, टाके पाहिले, उठल्या, मोढा तिथेच. वाटेत. तेवढ्यात साहेबांना पुस्तकं दाखवायला हे उठले. काय करू? चहाचा ट्रे घेऊन मीच मधे घुसले. हे माझ्यावर आदळले, चहा मिसेसच्या गरदच्या रेशमी साडीवर. मी म्हटलं, मी वेंधळीच आहे. हेही माझ्यावर खेकसले, चारचौघांत नवरे खेकसतात तसे. झकास खेकसले. साहेब हसले.

जाताना साहेब म्हणाले, घरावरून माणूस कळतो, इथे सगळं कसं जागच्या जागी. मिसेसना त्यांची बैठक माझ्याकडून लावून हवीय. दार लावलं आणि आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसलो. हे माझ्या कोपराला हात लावून विचारत होते, भाजलं का. भाजलं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

यांनी ऑफिसातून पाकीट आणलं. मीच वाचलं. बढती! तपासणीचं काम, आसाम ते कटक, महिन्यातले वीस दिवस फिरती. नवी स्टेशनं, नवे जिने, डाक बंगले, एकटे. पुढच्या सोमवारी लेखी उत्तर द्यायचंय. साहेबांनी तोंडी सांगितलं, तुमचं नाव मीच सुचवलं. नाही म्हणायचं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा.

बाई गं. हे माझ्याच हातांनी झालं.

१९ फेब.

फिरतीवर बरोबर जाऊ का विचारलं. सरकारी कामावर बायको? म्हणाले. मग म्हणाले, गाडीखाली गेलो तर पेन्शन तरी तुला मिळेल. ताट त्यांच्यासमोर आपटून उठले. वसंताचं पत्र आलंय, हॉस्टेलात जेवण वाईट आहे, बाकी सगळं ठीक.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच विचारलं, उत्तराचं काय? उद्या सोमवार.

म्हणाले, "तू लिही. सही मी करतो. बोट कुठे ठेवायचं तेवढं दाखव."

"पण लिहू काय?"

"मला कुठे वाचता येणार आहे?"

टोचून नाही म्हणाले. शांत होते. अगदी विश्वासाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

दोन कागद लिहिलेत. एकात, बढती आभारपूर्वक स्वीकारतो. दुसऱ्यात डोळ्यांचं सगळं, सुरुवातीपासून, डॉ.च्या नावासकट. दोन्हींना एकच अक्षर, एकच तारीख, खाली सहीपुरती सारखीच जागा. सर्टिफिकेट मागवून ठेवलंय, ते कपाटात आहे.

हे आंघोळीला गेलेत. आता येतील, खुर्चीत बसतील आणि हात पुढे करतील.