पंचवीस मिनिटं

३ मार्च
तीन स्त्रीबीजं, तिन्ही फळली! धाकट्या बहिणीला फोन केला तर रडायलाच लागली. सहा वर्षं मूल नाही, टेस्ट ट्यूबची चौथी खेप, आणि हीच शेवटची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, यापुढे तिची बीजं मिळणार नाहीत. खरं तर आमच्या प्रयोगशाळेत नातलगाच्या डिशला हात लावायचा नाही असा नियम. पण ती हट्टालाच पेटली — "परक्याच्या हातात नको, ताई." बाईंनी डोळेझाक केली.

५ मार्च
दोन वाढायची थांबली. एक उरलंय. आठ पेशी, गोल, सुबक. कुठलं वाढेल, कुठलं नाही, चौदा वर्षांत मला सांगता आलेलं नाही. योगायोग, दुसरं काय!

६ मार्च
छान गोळा बांधतंय. तेवढ्यात धाकटीच्या नवऱ्याचा फोन. आत मोबाईलवर बोलायला मनाई, म्हणून बाहेर गेले. हा आमचा मेहुणा भूमितीचा मास्तर, पण भलताच भाविक! "एकीच्या दोन पेशी आपोआप होतात? कोणीतरी करवून घेतंय, ताई."
"मग ती दोन थांबली तेव्हा तो झोपला होता का?"
"बरं, पृथ्वीवर पहिला जीव कोणी ठेवला?"
"कोणी नाही. चिखल, ऊन आणि भरपूर वेळ."
त्यानं फोन ठेवला. मी खुशीत आत आले.
डिश सूक्ष्मदर्शकाखालीच होती. उबेच्या पेटीत परत ठेवायची राहिली. पंचवीस मिनिटं. खोली गार.

७ मार्च
थांबलं.

८ मार्च
सगळे माझीच समजूत घालतायत. मास्तर म्हणतो, त्याची इच्छा. बाई म्हणतात, निम्मी थांबतातच. आणि धाकटी — "तू म्हणायचीस तेच खरं, ताई. सगळा योगायोग. तू तरी काय करणार?"
जन्मभर योगायोगाची बाजू घेऊन भांडले. आता तो खरा निघावा म्हणून जीव तुटतोय. कदाचित ते थांबणारच होतं. कदाचित! आता कधीच कळणार नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

११ मार्च
सांगितलं सगळं. तिच्या स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच. ती कितीतरी वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "देवानं नेलं असतं ना, तर त्याला माफ केलं असतं मी."