तोंडी दिलेली जागा

९ जानेवारी

हॅस्किन्ससाहेबांनी सकाळीच बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य कोच. मी, वॉरेन पिटमन, हाताखालचा, शाळाशाळांतून पोरं हेरून कॉलेजात आणणारा.

"टेक्सासचं कॉलेज सोडून डॅलन मार्श दुसरं शोधतोय. दोन वर्षं मोठ्या संघात धडका झेलल्यात त्यानं. तयार माल आहे, वॉरेन! घ्यायचाच."

"आणि थिबोडो?"

"शाळकरी पोर ते. त्याला तयार करेपर्यंत माझी खुर्ची जाईल."

लाइनमध्ये, म्हणजे धडका अडवणाऱ्या पुढच्या फळीत, फी-माफीची जागा एकच उरली आहे. जूनमध्ये थिबोडोंच्या घरी तीन वाट्या गंबोचा रस्सा ओरपून मीच ती कीशॉन थिबोडोला देऊन आलो — तोंडी. कागदावर सही फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी. तोवर तोंडच्या शब्दाची किंमत काय, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आईला नाही.

१२ जानेवारी

मार्शसाठी पैशाची जुळवाजुळव चालू आहे. जाहिरातीचे म्हणायचे! गावातल्या ट्रकवाल्याच्या दुकानापुढे उभं राहून हसायचं, आणि त्याबद्दल मला तीन वर्षांत मिळत नाही एवढं घ्यायचं. पूर्वी मी पोराच्या आईला पटवायचो. आता एजंटला पटवतो, आणि तो माझं बोलणं मध्येच तोडतो.

मार्शला मात्र नावं ठेववत नाहीत. मागच्या कॉलेजातल्या कोचनं करार अर्ध्यावर टाकून दुसरीकडे उडी मारली, म्हणून हाही निघाला. यात त्याचं काय चुकलं?

साहेबांची तंबी — "मार्शची सही होईस्तोवर थिबोडोकडे अवाक्षर नको. मार्श हातचा गेला तर तो लागेल." म्हणजे पोरगा आमची स्टेपनी! मी मान डोलावली. मान डोलवायचाच पगार मिळतो मला.

१६ जानेवारी

ऑर्लीनबाईंचा फोन. कीशॉनची आई, शाळेची बस चालवते. आवाजात नुसता आनंद.

"कोच, सहीच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये टेबलावर केक ठेवायचाय. तुमच्या कॉलेजचा जांभळा कसा, गडद की फिका?"

"गडद," मी म्हणालो.

"आणि आर्कान्सातलं ते छोटं कॉलेज पुन्हा विचारतंय. फी माफ, राहणं-खाणं फुकट. पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्या म्हणतात. मी म्हटलं, आमचं ठरलंय. बरोबर ना?"

"बरोबर."

जीभ झडली नाही माझी. फोन ठेवल्यावर ऑफिसात शरमेनं बसून राहिलो. तिनं विश्वासानं विचारलं, म्हणून खोटं बोलणं सोपं गेलं — हे लिहितानाही लाज वाटते.

२० जानेवारी

मार्श येऊन मैदान बघून गेला. मला "सर" म्हणाला. "माझ्याआधी ही जागा कुणाला देणार होता?" असं विचारलंन. नाव सांगितलं. त्यानं ते फोनमध्ये टिपून घेतलं.

२२ जानेवारी

आज सांगायचंच ठरवून कीशॉनला फोन लावला. उद्या शुक्रवार. आर्कान्साची वाट अजून उघडी होती.

गुडघा कसा आहे विचारलं. वजन विचारलं. परीक्षेचं विचारलं. पोरगा आज फार कमी बोलत होता. शेवटी म्हणाला, "अजून काही सांगायचंय का, कोच?"

"नाही रे. जोरात जेव!"

जोरात जेव! चाळीस पोरांना कॉलेजात आणलं या तोंडानं, आणि एक खरं वाक्य निघालं नाही. मुलीच्या कॉलेजची फी, घराचे हप्ते — कारणं माझ्याकडे आहेत. पण कारणं कुणाकडे नसतात?

२७ जानेवारी

मार्शची सही झाली. दुपारी कीशॉनला सांगितलं. "ठीक आहे, कोच," म्हणाला. रडला असता, शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लगेच आर्कान्साच्या कोचला फोन केला, हातापाया पडलो. "शनिवारीच जागा भरली. आमच्याकडेही दुसऱ्या कॉलेजातून एक जण आला. तू शुक्रवारच्या आत का नाही बोललास?"

४ फेब्रुवारी

सहीचा बुधवार. साहेबांनी सगळ्यांना बार्बेक्यू खिलवलं. मी ताट तसंच ठेवून निघालो.

८ फेब्रुवारी

थिबोडोंच्या घरी जाऊन आलो, माफी मागायला. ऑर्लीनबाईंनी दारातच उभं ठेवलं. ओरडल्या नाहीत.

"त्या मार्शनं तुमचं मैदान बघून गेल्यावर लगेच, त्या बुधवारी, कळवलं होतं कीशॉनला — 'तुझी जागा मला देतायत, तू तुझं बघ.' पोरगा आर्कान्साला होकार द्यायला निघाला होता. मीच अडवलं. म्हटलं, तसं असतं तर पिटमन कोच स्वतः बोलले असते. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, तुम्ही काहीच बोलला नाहीत — तेव्हा मी आर्कान्साला नाही म्हणून टाकलं."